हंसाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची किती?

केकची कुठलीही कृती काढून बघा. मैदा ग्रॅममध्ये, साखर ग्रॅममध्ये, लोणीसुद्धा ग्रॅममध्ये. अंडी मात्र नगावर. ‘अंडी ३’ एवढंच लिहून कृती पुढे सरकते. एरवी त्यात काही बिघडत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या आणि करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच अंडं असतं: वाण्याकडच्या ट्रेमधलं, पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं. पंचाईत होते ती मुळशीच्या नाहीतर भोरच्या बाजूला फार्महाउस असलेला एखादा मित्र हंसाची दोन-चार अंडी कागदात गुंडाळून आणून देतो तेव्हा. एकेक अंडं मुठीत मावत नाही, फ्रिजच्या दारातल्या खाचेत बसत नाही, आणि ‘अंडी ३’ म्हणजे आता नक्की काय, ते कृती सांगत नाही.

हंस म्हणजे इथे फार्महाउसच्या फाटकाशी मान लांब करून अंगावर धावून येणारा तो पाळीव पक्षी. राखणीला कुत्र्याइतकाच कामाचा, आणि कुत्र्यापेक्षा भांडखोर. जगभरातले पाळीव हंस मुख्यतः दोन रानटी जातींपासून आले: युरोपातले करड्या रंगाच्या रानहंसापासून, आणि चोचीच्या मुळाशी गाठ असलेले ‘चायनीज’ हंस पूर्व आशियातल्या रानहंसापासून. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर जे पट्टकादंब दिसतात त्यांचा या अंड्यांशी काही संबंध नाही. ते पाहुणे लडाख, तिबेट, मंगोलियाकडे परत जाऊन अंडी घालतात, आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. हंसाची मादी मोसमातच घालते, आणि वर्षभराचा हिशोब जातीनुसार तीस-चाळीसपासून फार तर साठ-सत्तरपर्यंत जातो. त्यामुळे व्यंकटेश्वरा हॅचरीज या बड्या पोल्ट्री कंपनीचं मुख्यालय ज्या शहरात आहे त्या पुण्यातही हे अंडं दुकानात सहज दिसत नाही. ओळखीनेच मिळतं. मिळालं की मात्र ते वाया घालवू नये, आणि त्यासाठी एकच सवय लावून घ्यावी लागते: अंडी मोजायची नाहीत, तोलायची.

आधी काटा

हंसाच्या अंड्याचं टरफल काढल्यावर आतला ऐवज सरासरी १४४ ग्रॅम धरला जातो. कोंबडीच्या अंड्यात तो ५० ग्रॅम धरतात, पण आपल्याकडची अंडी जरा लहान असतात, त्यामुळे ४५ ते ४८ ग्रॅम हा आकडा जास्त खरा. म्हणजे ढोबळमानाने हंसाचं एक म्हणजे कोंबडीची तीन. ढोबळमानाने असं मुद्दाम म्हणतोय. कोंबडीच्या अंड्यांना निदान प्रतवारी आहे. अ‍ॅगमार्कच्या हिशोबात ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं ‘मोठं’, ४५ ते ५२ चं ‘मध्यम’. हंसाच्या अंड्याला अशी कुणी शिस्त लावलेली नाही. नव्याने घालायला लागलेल्या मादीचं अंडं १२० ग्रॅमचं असेल आणि तिच्याच शेजारणीचं १९० चं. ‘एकाला तीन’ हा नियम पाठ करून बसलात तर कधी केक घट्ट होईल, कधी मधोमध बसेल.

म्हणून रीत अशी: अंडं एका वाडग्यात फोडा, काट्याने किंवा छोट्या रवीने एकजीव करा, गाळणीतून काढा आणि वजन करा. कृतीत जितकी अंडी सांगितली असतील तितके गुणिले ४८ ग्रॅम मोजून घ्या. एक अंडं हवं असेल तर ४८, दोन हवी असतील तर ९६. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये. त्याचं पुढे काय करायचं ते येईलच.

गाळणी कशाला, असं वाटेल. पण हंसाचं टरफल जाड असतं आणि त्याच्या आतला पापुद्रा चिवट. कोंबडीचं अंडं वाडग्याच्या कडेवर टकटक करून दोन्ही अंगठ्यांनी उघडतं, तसं हे उघडत नाही. बारीक आवाज येतो, चीर पडते, आणि पापुद्रा टरफलाचे तुकडे धरून बसतो. सुरीच्या पाठीने अंड्याच्या मधोमध फिरवत चार-पाच ठोके द्यावेत, मग सुरीचं टोक चिरेत घालून पापुद्रा कापावा. तरी एखादा कपचा आत जातोच. नेहमी वेगळ्या वाडग्यात फोडायचं, थेट मिश्रणात कधीच नाही.

आत काय वेगळं आहे

वजन जुळलं म्हणजे सगळं जुळलं का? जवळजवळ. अंडं म्हणजे पाणी, प्रथिनं आणि स्निग्धांश यांचं मिश्रण. हंसाच्या अंड्यात पाणी सुमारे ७० टक्के असतं, कोंबडीच्या अंड्यात ७६. स्निग्धांश हंसाच्या १०० ग्रॅम अंड्यात १३ ग्रॅमच्या पुढे, कोंबडीच्यात साडेनऊ. प्रथिनं थोडीच जास्त, १४ च्या जवळपास, कोंबडीच्यात साडेबारा. या फरकाचं मूळ पिवळ्या बलकात आहे. अंड्याचा सगळा स्निग्धांश पिवळ्यातच असतो, पांढरा भाग म्हणजे बहुतेक पाणी आणि प्रथिनं, आणि हंसाच्या अंड्यात पिवळ्याचा वाटा जास्त असतो. निसर्गाच्या बाजूने याला कारण आहे: हंसाचं पिल्लू अंड्यात महिनाभर वाढतं, कोंबडीचं एकवीस दिवस, आणि बाहेर आल्याबरोबर त्याला चालायचं, पोहायचं असतं. तेवढी शिदोरी आधीच भरून ठेवलेली असते.

स्वयंपाकात या तिघांची कामं वेगळी. प्रथिनं तापली की त्यांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि एकमेकींत अडकून जाळं विणतात. पातळ अंडं घट्ट होतं ते यामुळे. पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं आणि पदार्थ मऊ ठेवतं. स्निग्धांश जाळ्याच्या मध्ये मध्ये येऊन ते फार आवळू देत नाही, शिवाय चव धरून ठेवतो. पिवळ्या बलकात लेसिथिनही असतं, जे तेल आणि पाणी यांना एकमेकांत मिसळून ठेवतं. आता पाणी कमी आणि प्रथिनं-स्निग्धांश जास्त झाले की काय होईल? पदार्थ लवकर आवळेल, चवीला भरीव लागेल, रंग गडद येईल, आणि आच जरा जास्त झाली की पांढरा भाग रबरासारखा होईल. हंसाच्या अंड्याबद्दल जितक्या तक्रारी कानावर येतात त्यातल्या बहुतेक या शेवटच्या कारणाने असतात. दोष अंड्याचा कमी आणि आचेचा जास्त.

चवीबद्दल लोक फार वाढवून बोलतात, माझ्या मते. उग्रपणा थोडा असतो, पण तो पक्षी काय खातो यावर जास्त अवलंबून आहे. हंस मुळात गवत चरणारा पक्षी. हिरवं भरपूर मिळालं की त्यातली रंगद्रव्यं उतरून बलक चांगला केशरी होतो. नुसत्या मक्याच्या भरड्यावर ठेवलेल्या हंसाचं अंडं चवीला जवळपास कोंबडीसारखंच लागतं.

उकडायला तिप्पट वेळ लागत नाही

इथे थोडं गणित आहे, पण गमतीचं. अंडं तिप्पट जड आहे तर उकडायला तिप्पट वेळ लागेल असं मनात येतं. तसं होत नाही. उष्णता अंड्यात बाहेरून आत झिरपत जाते, आणि तिला मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. पण वजन तिप्पट झालं म्हणून मध्यापर्यंतचं अंतर तिप्पट होत नाही. गोल वस्तू लांबी, रुंदी, उंची अशी तिन्ही बाजूंनी वाढते, त्यामुळे तिप्पट वजनाच्या अंड्याचा व्यास जेमतेम १.४४ पट असतो. त्याचा वर्ग केला की साधारण २.०८. म्हणजे तिप्पट वजनाला दुप्पट वेळ. एक्सेटर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स विल्यम्स यांनी अंडं उकडण्याचं जे सूत्र मांडलं त्यातही वजन याच हिशोबाने येतं.

तुमच्या घरी, तुमच्या शेगडीवर, कोंबडीचं अंडं पूर्ण घट्ट व्हायला आठ मिनिटं लागत असतील तर तिप्पट वजनाच्या हंसाच्या अंड्याला साडेसोळा मिनिटं लागतील. दुप्पट वजनाचं असेल तर पावणेतेरा, चौपट असेल तर वीस. इथे वजन टरफलासकट करायचं, आणि दोन्ही अंडी सारख्याच तापमानाची हवीत, दोन्ही बाहेरची किंवा दोन्ही फ्रिजमधली. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला अर्थातच दोन-चार मिनिटं जास्त द्यावी लागतात.

पुण्यात आणखी एक बारीकसा मुद्दा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ते ९६ च्याही खाली येतं. कोंबडीच्या अंड्याला हा फरक जाणवतही नाही. हंसाच्या अंड्याला एखादं मिनिट जास्त लागू शकतं. परदेशातल्या कृतीत दिलेली मिनिटं तंतोतंत पाळून बलक मध्ये ओलसर राहिला तर त्यात हाही एक धागा असतो. पण मोठं कारण बहुतेक वेळा अंड्याचं वजन हेच.

पाण्याला उकळी फुटल्यावर आच कमी करा, म्हणजे अंडं भांड्यावर आपटत राहणार नाही, आणि डावातून अलगद सोडा. पांढऱ्यातलं एक प्रथिन बासष्ट अंशांपाशीच घट्ट व्हायला लागतं, पिवळा पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान, तर पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ऐंशी अंश ओलांडल्यावर. खळखळ उकळणाऱ्या पाण्यात बाहेरचा पांढरा थर हे सगळे टप्पे पहिल्या काही मिनिटांतच पार करतो आणि उरलेला सगळा वेळ नुसता कडक होत बसतो, कारण मध्य अजून शिजायचा असतो. अंडं मोठं म्हणून ही वाट बघणं लांबतं. मंद आचेचा आग्रह त्यासाठी. वेळ झाली की लगेच थंड पाण्यात टाका. नाहीतर पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट-काळसर कडी धरते. खायला ती अपायकारक नसते, पण अंडाकरीत अर्धं कापून मांडलं की बरी दिसत नाही.

अंडाकरीचं निघालंच आहे तर: अर्ध्या अंड्यात एकाचं जेवण होतं. सोलून चार फोडी करा आणि रस्सा उतरवल्यावर वरून सोडा. रश्श्यात पुन्हा रटरटू दिलंत तर पांढरा भाग चामड्याच्या वळणावर जातो.

तव्यावर

पहिल्यांदाच करत असाल तर भुर्जी करा. कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, हळद, कोथिंबीर हे सगळं नेहमीचंच. एका अंड्यात दोघांचं पोट भरतं, पाव हाताशी असेल तर तिघांचं. अंडं एकजीव करताना दोन मोठे चमचे दूध किंवा पाणी घाला, कमी असलेलं पाणी तिथेच भरून निघतं. आणि भुर्जीवाल्यासारखी मोठ्या आचेवर उलथन्याची खडखड करायची नाही. हे अंडं दिसतं त्यापेक्षा लवकर आवळतं. सगळं शिजलेलं पण अजून ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करा.

ऑम्लेटला मोठा तवा हवा, दहा इंची तरी. लहान तव्यात जाड थर होतो, खालची बाजू तपकिरी होऊन कडक होते आणि मध्ये कच्चं राहतं. जाडच हवं असेल, पुण्यातल्या व्होहुमन या इराणी कॅफेच्या चीज ऑम्लेटसारखं, तर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं द्या, आणि चीज शेवटी.

हाफ फ्राय मी सुचवणार नाही. दिसायला तो प्रकार भारी, बशीएवढा पांढरा घेर आणि मधोमध केशरी घुमट. पण घुमटाचा मध्य शिजेपर्यंत कडा करपतात, आणि मध्य कच्चा ठेवायचा तर या अंड्यांच्या बाबतीत ते शहाणपणाचं नाही. का ते खाली येतं.

मावा केकचा हिशोब

ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेली कयानी आणि कॅम्पातल्या बाकीच्या इराणी बेकऱ्या यांनी पुण्याला मावा केकची चटक लावली. हंसाचं अंडं वापरून बघायला हा केक सगळ्यात चांगला, कारण तो मुळातच भरीव असतो. अंड्यातला जास्तीचा स्निग्धांश त्यात उपरा वाटत नाही.

घरगुती प्रमाण असं धरू: मावा १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, मैदा १८० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, दूध ५० मिली, वेलदोड्याची पूड, आणि कोंबडीची तीन अंडी. तीन अंडी म्हणजे १४४ ग्रॅम, हंसाच्या सरासरी अंड्याएवढीच. आता वरचे टक्के लावून बघा. १४४ ग्रॅम हंसाच्या अंड्यातून स्निग्धांश सुमारे साडेपाच ग्रॅम जास्त येतो आणि पाणी सुमारे आठ ग्रॅम कमी. म्हणजे दुरुस्ती किती? लोणी एक छोटा चमचा कमी, दूध दोन छोटे चमचे जास्त. बस. ही दुरुस्ती नाही केलीत तरी केक फसणार नाही, जरा घट्ट विणीचा होईल इतकंच. हंसाच्या अंड्याने केक ‘फार वेगळा’ होतो असं जे म्हणतात, त्यांनी बहुतेक वजन न करता अख्खं अंडं ओतलेलं असतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुठल्या कृतीत लिहिलेली नसते. लोणी-साखर फेसून झाल्यावर ‘एकेक अंडं घालत फेटा’ अशी सूचना असते. त्यामागे कारण आहे: लोण्यात पाणी थोडं थोडं घातलं तरच ते मुरतं, एकदम घातलं तर मिश्रण फाटतं, त्यात दह्यासारख्या गुठळ्या दिसतात. हंसाचं ‘एकेक अंडं’ म्हणजे तीन अंडी एकदम. म्हणून ते आधी फेटून घ्यायचं आणि पाच-सहा वेळा करून थोडं थोडं ओतायचं, प्रत्येक वेळी मागचं पूर्ण मुरल्यावरच. अंडं फ्रिजमधलं गार नको, कारण गार अंड्याने लोणी थिजतं आणि पुन्हा तेच होतं. फाटलंच, तर मैद्यातला एक मोठा चमचा मैदा घालून फेटा, सावरतं.

सात इंची गोल डबा, ओव्हन १७० अंशांवर आधी तापवलेला, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. रंग लवकर चढतो, कारण प्रथिनं आणि साखर मिळूनच तो तपकिरी रंग येतो, शिवाय बलक गडद असेल तर केक आधीच पिवळाधमक दिसतो. रंगावर विसंबून बाहेर काढू नका. सुरी घालून बघा. वर फार रंग येत असेल तर शेवटची पंधरा मिनिटं फॉइल झाका.

घरी पास्ता लाटणारे आता पुण्यातही बरेच झालेत. त्यांच्यासाठी एवढंच, की जास्त बलक आणि कमी पाणी हे त्या कणकेला हवंच असतं. २०० ग्रॅम मैद्याला ११०–११५ ग्रॅम अंडं घेऊन सुरुवात करा.

पांढरा फेसताना

स्पंज, मेरिंग, शिफॉन केक: जिथे पांढरा वेगळा काढून फेसायचा असतो तिथे हंस थोडा त्रास देतो. बदक आणि हंस यांचा पांढरा कोंबडीच्या मानाने सावकाश फुलतो. फेस म्हणजे हवेचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवती उलगडलेल्या प्रथिनांचा पातळ पडदा. हा पडदा धरायला थोडा आंबटपणा मदत करतो, म्हणून एका अंड्याच्या पांढऱ्याला पाव छोटा चमचा लिंबाचा रस किंवा त्याहून थोडी कमी क्रीम ऑफ टार्टर घाला, आणि बीटर सुरुवातीला हळू चालवा. भांड्याला तुपाचा अंश नको, पिवळ्याचा थेंब नको. पिवळा वेगळा करायला टरफलाच्या दोन अर्ध्या वाट्यांतून इकडून तिकडे करण्याचा प्रकार इथे जमत नाही. टरफलाच्या धारेने बलक फुटतो. हाताची बोटं किंचित फाकून त्यावर अंडं ओता, पांढरा खाली गळतो, बलक हातात राहतो. एका अंड्यातून पंचावन्न-साठ ग्रॅम बलक मिळतो, कोंबडीच्या तीन बलकांपेक्षा जास्त.

फ्रेंच आचारी पांढरा फेसायला तांब्याचं भांडं वापरतात, आणि तो नुसता थाट नाही. पांढऱ्यातलं एक प्रथिन तांब्याचे कण पकडतं, त्याने पडदा मजबूत होतो आणि जास्त फेटलं तरी फेस लवकर फुटत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत ठोकलेलं घमेल्यासारखं उथळ पातेलं या कामाला छान चालेल. फक्त आतून कल्हई केलेलं नको, कारण मग अंड्याला तांबं लागतच नाही. आणि तांब्यात फेसताना लिंबू घालायचं नाही; दोन्हींचं काम एकच, शिवाय आंबट आणि उघडं तांबं एकत्र येऊ द्यायचं नसतं हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. फेस झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

पांढरा फेसायच्या मागे न लागता अख्खं अंडं वापरणारा, आणि हंसाच्या अंड्याला सगळ्यात जास्त शोभणारा पदार्थ विचाराल तर मी कस्टर्ड म्हणेन. साधं कॅरॅमल कस्टर्ड, नाहीतर जायफळ-वेलदोडा घातलेलं पारशी लग्नातलं लगन नु कस्टर्ड. इथे बलकाचा जास्तीचा वाटा थेट जिभेला कळतो. एका सरासरी अंड्याला ४५० मिली दूध आणि ७५ ग्रॅम साखर. दूध-साखरेने प्रथिनं विरळ होतात, त्यामुळे हे मिश्रण ऐंशी अंशांच्या आसपास धरतं. थोडं पुढे गेलं की फुटतं आणि पाणी सोडतं. त्या अरुंद पट्टीत राहण्यासाठी डबा पाण्यात ठेवून शिजवायचा. ओव्हनमध्ये परातीत कोमट पाणी घालून १५० अंशांवर, किंवा कुकरमध्ये शिट्टी काढून, फॉइल झाकून, अगदी मंद आचेवर अर्धा तास. डबा हलवल्यावर मध्यभाग किंचित थरथरला पाहिजे. बाकीचं काम ते निवता निवता करतं.

कच्चं का नको

पाणपक्षी चिखलात, ओल्या गवतात अंडी घालतात. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, आणि साल्मोनेला जिवाणू बाहेरून आत जाऊ शकतो, तसाच पक्ष्याच्या शरीरातूनही येऊ शकतो. २०१० मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बदकाच्या अंड्यांमुळे साल्मोनेलाची साथ आली होती. हंसाच्या अंड्याच्या पांढऱ्यात जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, त्याच्या या खास जातीला शास्त्रज्ञ ‘गूज टाइप’ म्हणतात. पण त्याच्या भरवशावर राहू नये. फार्महाउसच्या अंड्याचं मेयोनेज, तिरामिसू, मूस, हाफ बॉइल यातलं काही करू नका. आतपर्यंत ७१ अंश गाठले पाहिजेत, म्हणजे बलक घट्ट. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यात सूट नाही.

अंडं आणल्या आणल्या धुवायचं नाही. टरफलावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की छिद्रं उघडी पडतात. माती कोरड्या फडक्याने पुसा, आणि धुवायचंच तर वापरायच्या आधी, अंड्यापेक्षा जरा कोमट पाण्याने. गार पाण्यात आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

फार्मवर नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे अंडं फळलेलं असू शकतं. ते खायला काही हरकत नाही; थंडाव्यात ठेवलं तर त्यात वाढ होत नाही. पण पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी अंडं दोन-तीन दिवस ओट्यावर पडून राहिलं तर ते अंड्याला उबवण्याच्या तापमानाजवळ जातं आणि वाढ सुरू होऊ शकते. देणाऱ्याला विचारा, रोज गोळा करतो का, कुठे ठेवतो. मोबाइलचा टॉर्च अंधारात अंड्याच्या बोथट टोकाला लावला की आतली हवेची पोकळी दिसते, रक्तवाहिन्यांचं जाळं असेल तर तेही दिसतं. जाळं दिसलं तर ते अंडं वापरू नका. पाण्यात सोडून बघायची जुनी रीतही चालते: ताजं आडवं बुडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर फेकायचं.

कोंबडीच्या अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ‘हे वेगळं आहे, चालेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन्हीतली प्रथिनं इतकी सारखी असतात की शरीर बहुतेक वेळा फरक करत नाही. आणि ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवायला सांगितलंय त्यांनी आकडा बघावा: एका अख्ख्या अंड्यात १२०० मिलिग्रॅमच्या वर, कोंबडीच्या अंड्यात १८५ च्या आसपास. हे अंडं मुळातच वाटून खायचं आहे.

उरलेलं फेटलेलं अंडं झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. जास्त ठेवायचं तर सिलिकॉनच्या मफिन साच्यात ४८-४८ ग्रॅम ओतून फ्रीझरला लावा, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत भरा आणि तारीख घाला. नुसता पिवळा गोठवणार असाल तर आधी चिमूटभर मीठ किंवा अर्धा चमचा साखर फेटून घ्या, कारण बलक गोठला की त्याचा चिकट गोळा होतो आणि वितळल्यावरही तो पुन्हा पातळ होत नाही. पिशवीवर मीठ की साखर तेही लिहा.